व्हिडिओ स्टुडिओ आधी, की घरी नेता येणारे माइक?

धागा (जनसंवादाची प्राध्यापिका, यवतमाळ जिल्हा)
तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज. स्टुडिओसाठी निधी जमतोय: हिरवा पडदा, तीन कॅमेरे, त्यांतलं कोणतं दृश्य दाखवायचं ते निवडणारा व्हिजन स्विचर, वाचायचा मजकूर दाखवणारा टेलिप्रॉम्प्टर, एसी. माझा आग्रह आहे की त्यातून आधी मुलांना घरी नेता येतील असे रेकॉर्डर, कॉलर माइक आणि आवाजाची एक खोली करावी. खोलीला फार लागत नाही. फरशी आणि उघड्या भिंतींवर आपटून आवाज घुमतो. भिंतींना कापसाच्या जाड गाद्या लावल्या की बराच शोषला जातो. गाद्या भरणारे आपल्या कापसाच्या मुलखात कमी नाहीत! बाहेरचा गोंगाट मात्र गादी अडवत नाही, म्हणून खोली रस्त्यापासून लांब हवी आणि वर टिनाचं छप्पर नको. एडिटिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पुढे कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या छोट्या रेडिओ केंद्राचा, परवानाही मागता येईल. शिक्षणसंस्थांना तो २००२ च्या धोरणापासून खुला आहे.

माजी विद्यार्थी, सध्या नागपूर
मॅडम, साफ असहमत. चॅनेलमध्ये पहिल्या दिवशी मला पीसीआरमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या कंट्रोल रूममध्ये, उभं केलं. व्हिजन स्विचर मी त्याआधी पाहिलासुद्धा नव्हता. सोबतची पुण्याची मुलं भराभर बटणं दाबत होती. ती लाज अजून आठवते. खेड्यातल्या मुलांची गाद्यांच्या खोलीवर बोळवण करू नका. शिवाय कम्युनिटी रेडिओवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा लावाव्या लागतात. पत्रकारिता शिकणाऱ्यानं तिथे करायचं काय?

द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी
दादा, माही शेवटची येस्टी पाचले असते. स्टुडिओत नंबर लागेपर्यंत आम्ही पोरी स्टँडवर रायतो. पोळ्याले आमच्या गावात झडत्या, म्हंजे तोंडपाठ कवनं, म्हणतेत, त्या म्या फोनवर रेकॉर्ड केल्या. वाऱ्यानं एक शब्द धड आला नाई. ज्या म्हाताऱ्याले साऱ्या पाठ होत्या, तो आता नाई. माइक घरी असता तं?

दुसऱ्या कॉलेजचे प्राध्यापक
भावना समजते. पण वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या सामानाच्या नोंदवहीत, माझ्या सहीनं चढते. हरवली तर वसुली माझ्याकडून. म्हणून कपाटाला कुलूप.

धागाकर्ती
सर, त्याच कुलपानं आमच्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी धरली. कॅमेरा एकाही मुलानं वापरला नव्हता. वस्तू नेताना मुलाची सही घ्या आणि मोडतोडीची तरतूद खरेदीच्या ठरावातच करा. राहिला कम्युनिटी रेडिओ: तिथे स्वतःच्या बातम्यांवर बंदी आहे, खरं. पण हवामान, परीक्षा, रोजगार, वीज-पाण्याची माहिती देता येते. तीसुद्धा खातरजमा करूनच द्यावी लागते, आणि बातमीदारीचा पहिला धडा तोच.

माजी विद्यार्थी
झडत्यांचं वाचून गप्प झालो. माइक आधी द्या, मान्य. पण स्विचर यादीतून काढलात तर माझा विरोध कायम. दुसऱ्या टप्प्यात घेणार असाल, तर तसं आत्ताच ठरावात लिहून घ्या.