उपवासाला आणि धान्य न खाणाऱ्यांना चालेल असं पाकातलं पेअर

केशरकाडी:
रविवारी जेवायला येणाऱ्यांपैकी एकाला कुठलंच धान्य चालत नाही, दुसऱ्यांची एकादशी आहे. पाकात अख्खं शिजवलेलं पेअर करायचं ठरवलंय. मागच्या वेळी फळं बाहेरून गाळ आणि आतून कच्ची राहिली, पाकाची थंड झाल्यावर साखर झाली. वरून घालायला कस्टर्ड चालेल का?

चुलीपाशी:
आधी कस्टर्डचं. बाजारातली कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर, म्हणजे मका. बाद. आयसिंग शुगरमध्येही बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असतं, पाकीट वाचून घ्या. आणि भगर उपवासाला चालली तरी ती धान्यच आहे, त्या पाहुण्यांच्या ताटात नको.

आता फळ. बाहेर गाळ, आत कच्चं म्हणजे पाक खळखळ उकळत होता. चार घट्ट पेअर (साधारण ७०० ग्रॅम), १ लिटर पाणी, ३०० ग्रॅम साखर, १ मोठा चमचा लिंबाचा रस, ठेचलेल्या ५-६ वेलच्या. साखर विरघळली की साल काढलेली फळं सोडायची. देठ ठेवा, बिया बुडाच्या बाजूने छोट्या चमच्याने कोरून काढा. आच इतकी मंद की तळातून एखाददुसरा बुडबुडा यावा. पेअर तरंगतं आणि वर राहिलेला भाग काळा पडतो, म्हणून बटर पेपरचा भांड्याएवढा गोल कापून, मध्ये बोटभर भोक पाडून थेट पाकावर टेकवा. अरुंद, उंच स्टीलचं पातेलं घ्या. लिंबू असल्याने ॲल्युमिनियम नको.

१५ मिनिटांनंतर बुडातून टूथपिक घालून बघा. किंचित अडत आत गेली की गॅस बंद. उरलेलं काम गरम पाकच करतो. फळं त्यातच थंड होऊ द्या, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली तर पाक आतपर्यंत मुरतो.

मंडईवाला:
फळावर सगळं अवलंबून आहे, वेळ डोळे मिटून लावू नका. बब्बूगोशा मऊ जातीचा, ६-८ मिनिटांत होतो, आणि पिवळा झालेला असेल तर या कामाला घेऊच नका. नाख कडक आणि रवाळ, त्याला अर्धा तासही लागतो आणि रवाळपणा शिजूनही जात नाही. पेअर आतून बाहेर पिकतं, त्यामुळे पोट मऊ लागलं तर आत गाळ झालेला असतो. देठाजवळ अंगठ्याने दाबा: जेमतेम दबलं पाहिजे.

केशरकाडी:
धन्यवाद! आणि पाकाची साखर होते त्याचं काय? केशर कधी घालू?

चुलीपाशी:
फळं बाजूला काढून अर्धा लिटर पाक आटवा, साधारण १५० मिली उरेपर्यंत. एकतारीच्या जरा अलीकडेच थांबा, थंड झाल्यावर तो घट्ट होतोच. एकतारीच्या पुढे नेला, किंवा आटताना डाव फिरवत राहिलात की कडेची साखर आत पडते आणि सगळा पाक दाणेदार होतो. कडा ओल्या ब्रशने पुसा, ढवळू नका, लिंबाचे दोन थेंब आणखी टाका. केशराच्या १५-२० काड्या कोमट पाकात भिजवून शेवटी. वेलचीपूड मात्र नको, पाक गढूळ होतो.

पाक आधीपासूनच दाट केलात तर उलटं होतं: दाट पाक फळातलं पाणी ओढून घेतो, पेअर सुरकुततं.

आजीचा_डबा:
दाटपणा हवाच असेल तर आरारूट: एक वाटी पाकाला एक लहान चमचा, गार पाण्यात कालवून. एक उकळी आली की उतरवा, जास्त उकळलं की पुन्हा पातळ होतं. कस्टर्डऐवजी चक्का घ्या, पाव किलोला दोन चमचे साखर आणि थोडा आटवलेला पाक, श्रीखंडाइतकं गोड नको. वरून तुपात परतलेले बदामाचे काप. राजगिऱ्याची लाही एकादशीला छान लागते, पण धान्य टाळणाऱ्यांना आधी विचारा, काहीजण राजगिराही टाळतात. लाही वाढताना घाला, दहा मिनिटांत लिबलिबीत होते.

दालचिनी घालणार असाल तर बोटभर तुकडाच आणि फळांबरोबरच बाहेर काढा, रात्रभर राहिली तर पाक तुरट होतो. काही घरांत ती उपवासाला चालत नाही, तेही बघा.

उरलेला पातळ पाक फेकू नका. लिंबू सरबताला साखर लागणार नाही.