अलास्काचा दक्षिण किनारा : आपण काय पाहिले, किती थांबलात?

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे सिवर्ड गाव, केनाई फ्योर्ड्स आणि कॅटमाई ही राष्ट्रीय उद्याने या भागात जाऊन आलेल्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. वेळापत्रके आणि छायाचित्रे सगळीकडे मिळतात. पण प्रत्यक्ष काय दिसले, त्यासाठी किती थांबावे लागले आणि घरच्या वडीलधाऱ्यांना काय झेपले, हे जाऊन आलेल्या माणसाकडूनच कळते. सुरुवात मी करते.

माझे बाबा निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. सिवर्डजवळच्या हार्डिंग हिमक्षेत्रातून, म्हणजे बर्फाच्या अफाट पसाऱ्यातून, चाळीसच्या आसपास हिमनद्या उतरतात; त्यांपैकी एक्झिट ग्लेशिअरपाशी सिवर्डहून मोटारीने जाता येते, म्हणून बाबांसाठी तीच निवडली. वाटेत नुसती वर्षे लिहिलेल्या पाट्या लागतात. त्या त्या वर्षी बर्फाची कड तेथवर होती, एवढाच त्यांचा अर्थ. १९१७ गेले, १९२६ गेले आणि १९५१ च्या पाटीपाशी बाबा काठी टेकून उभे राहिले, कारण ते त्यांचे जन्मवर्ष. "मी जन्मलो तेव्हा इथे बर्फ होता," ते म्हणाले आणि आजूबाजूच्या झाडांकडे बराच वेळ पाहत राहिले. हिमनदी तेथून पार वर, उघड्या खडकांच्या पलीकडे दिसत होती. परतताना त्यांनी खालच्या ओढ्याचे करडे पाणी ओंजळीत घेतले. बोटांवर राहिलेला दळलेल्या खडकाचा पिठासारखा थर त्यांनी रुमालाने पुसला नाही.

सॅन होजेहून आलेला अनुभव :

आम्ही सिवर्डहून बोटीने गेलो. अर्ध्या दिवसाची फेरी बहुधा सिवर्डसमोरच्या रिझरेक्शन उपसागरातच फिरवून आणते. समुद्राला भिडलेल्या हिमनद्या पाहायच्या असतील, तर दिवसभराचीच फेरी घ्यावी. मात्र उपसागराबाहेर पडताच बोट जोरात हलू लागते. आईला आलेपाकाचा उपयोग झाला नाही. डॉक्टरांना विचारून आदल्या दिवशीच गोळी आणायला हवी होती, ही चूक माझी.

आयालिक हिमनदीसमोर कप्तानाने इंजिन बंद केले. बर्फाच्या तरंगत्या तुकड्यांवर सील पहुडले होते. निळसर कड्याचा एक भाग आवाज न करता खाली सरकताना दिसला, पाणी उसळले आणि गडगडाट त्यानंतर कानी आला. मळमळ विसरून आई कठड्याला धरून उभी राहिली, ती बोट वळेपर्यंत आत आली नाही. येताना कुबड असलेला देवमासा एकदाच, शेपटीपुरता दिसला. तेवढ्यावर आमचे समाधान झाले.

चिपळूणहून आलेला अनुभव, मुलीकडे गेलो असतानाचा :

कॅटमाईतील ब्रुक्स धबधब्यापर्यंत रस्ता नाही. पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने किंवा बोटीने जावे लागते. धुक्यामुळे आमचे उड्डाण एक दिवस रद्द झाले, म्हणून हाताशी किमान एक दिवस मोकळा ठेवावा. उतरल्यावर प्रथम उद्यानाचे रक्षक अस्वलांविषयीचे नियम समजावून सांगतात : निदान ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर अंतर राखायचे आणि खाण्याची कोणतीही वस्तू उघड्यावर जवळ बाळगायची नाही. पिशवीतल्या दोन तिळाच्या वड्यासुद्धा मी ठेवायला दिल्या. हा नियम मला मनापासून पटला, कारण माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल शेवटी स्वतःच्या जिवाला मुकते.

जुलैत तेथे सॉकाय जातीचे सामन मासे समुद्रातून नदीत चढतात. आमच्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांतून वर येतात, त्यांच्यामागे मी लहानपणी धावलो आहे. पण दोन मीटर उंचीच्या धबधब्यावर झेपावणारा मासा वरच थांबलेल्या अस्वलाच्या जबड्यात पडताना पाहून अंगावर काटा आला. मोक्याच्या जागा थोराड नरांच्या. एकाने पायाखाली मासा दाबून कातडी सोलली, गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, खाल्ली आणि उरलेले मांस सोडून दिले. ते लगेच समुद्रपक्ष्यांनी उचलले. मासे भरपूर असले, की अस्वले जास्त चरबीचा भागच खातात, असे तेथील रक्षकाने सांगितले. गर्दीच्या दिवसांत मचाणावर प्रत्येकाला एकच तास मिळतो. मी पुन्हा नाव नोंदवले आणि दुसऱ्या तासासाठी दोन तास थांबलो.

टोरांटोहून आलेला अनुभव :

बोटीसाठी पैसे किंवा प्रकृती नसेल, तर सिवर्डच्या धक्क्यावर सकाळी शांत बसावे. समुद्री पाणमांजर पाठीवर तरंगत, छातीवरच्या दगडावर शिंपले आपटून फोडत होते. टकटक आवाज आमच्या बाकापर्यंत येत होता. फरसाठी या प्राण्याची इतकी शिकार झाली, की १९११ मध्ये आंतरराष्ट्रीय करार करून ती थांबवावी लागली, आणि १९८९ मध्ये तेलवाहू जहाजातून झालेल्या तेलगळतीत येथून पूर्वेला प्रिन्स विल्यम साउंड या सागरी भागात ही पाणमांजरे हजारोंनी मेली. हे माहीत असल्यामुळे तो आवाज ऐकताना डोळे भरून आले. सासूबाईंना चालवत नाही. त्या बाकावर दीड तास बसल्या आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेथेच नेण्यास सांगितले.