जुन्या शंभर सीसीचा भाव

तुमची २०१२ ची स्प्लेंडर बाईक जुन्या गाड्यांचा एजंट भाव पाडून मागतोय, अशी तुमची तक्रार आहे. सगळा दोष त्याच्या माथी मारू नका, दादा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवीच स्वस्त झाली की जुनी उतरणारच. त्यात तुमच्या आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, १५ वर्षं २०२७ मध्ये भरतात. पुढचं पासिंग, पर्यावरण कर, आरटीओच्या खेपा, सगळं घेणारा आधीच वजा करून बोलतो. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, नसेल तर तिचा खर्चही.

विकण्याआधी चेन-स्प्रॉकेट बदलू नका, पैसे वसूल होत नाहीत. टाकीखालचा गंज मात्र लोक वाकून बघतात. गावाकडे ओळखीत विचारा, तिथे स्प्लेंडरला अजून गिऱ्हाईक आहे. आणि नाव ट्रान्सफर झाल्याशिवाय चावी सोडू नका!