थर्मल फोटोतले उभे पट्टे घालवताना द्राक्षाच्या ओळीच पुसल्या जातायत, मदत हवी

नमस्कार मंडळी, मी दिंडोरीकडचा. ऑक्टोबर छाटणीनंतर आमच्या बागेवर ड्रोनने थर्मल फोटो घेतोय, कुठल्या लॅटरलला (ठिबकच्या ओळीतल्या बारीक नळीला) चोकअप आहे, म्हणजे ती तुंबली आहे, ते पानांच्या तापमानावरून कळावं म्हणून, पाणी कमी पडलं की पान रंध्रं मिटतं आणि तापतं, एवढंच गणित. कॅमेरा भाड्याचा, ६४० बाय ५१२, कूलिंग नसलेला मायक्रोबोलोमीटर, म्हणजे उष्णता टिपणारा सेन्सर.

पाच-सहा पिक्सेल कायमचे पांढरे आहेत, ते जमलं, शेजारच्या आठ पिक्सेलचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधली येणारी किंमत) भरला की झालं. पण उभे पट्टे काही जात नाहीत. मधेच शटरचा टक् आवाज होतो, कॅमेरा स्वतःला सारखा करून घेतो, तेवढ्यापुरते कमी होतात, मग वाऱ्याने बॉडी गार पडली की परत आहेतच.

मी प्रत्येक कॉलमची (पिक्सेलच्या उभ्या रांगेची) सरासरी काढून वजा केली. पट्टे गेले, पण आमच्या ओळी दक्षिणोत्तर आणि ड्रोनही तसाच उडवतो, म्हणजे फोटोत ओळी पण उभ्याच ना! तपासायला एका ओळीचं पाणी मी मुद्दाम चार दिवस बंद ठेवलं होतं, तीच ओळ बाकीच्यांसारखी गार दिसायला लागली. मग २०० फ्रेमचा मीडियन वजा करून बघितला, तरी तेच. वडील विचारतात नक्की कुठल्या ओळीची नळी खोलायची, आणि चुकीची सांगून एकही वेल सुकवायची नाहीये मला. पट्टा कुठला आणि तापलेली ओळ कुठली हे वेगळं कसं करायचं?

उत्तर:
भाऊ, मीडियन चालतो तो खालचं दृश्य सरकतं तेव्हा. तू ओळीच्याच दिशेने उडतोस त्यामुळे ओळ त्याच कॉलममध्ये राहते, सेन्सरच्या पट्ट्यासारखीच. पुढच्या वेळी ओळींना आडवा उड, ओळी आडव्या येतील आणि पट्टे उभे राहतील, मग तुझा मीडियन बरोबर पट्टेच काढेल. घेतलेले फोटो फेकू नकोस. जाताना-येताना ड्रोन उलटा वळवला असशील तर तीच ओळ परतीच्या फेरीत दुसऱ्या कॉलममध्ये आली असेल. गरमपणा ओळीबरोबर गेला तर चोकअप, कॉलममध्येच राहिला तर सेन्सर.

धागाकर्ता:
हो, वळवलेला आहे! बंद ठेवलेल्या ओळीवरच आधी लावून बघतो, फरक आला की फोटो इथे टाकतो.