कॉन्फरन्समधली सहल, बँक्वेट आणि आपण 'सोबत आलेले' : तुमचे अनुभव लिहा

चाफा
गळ्यात बिल्ला, त्यावर माझं नाव आणि नावाखाली 'अकम्पनिंग पर्सन'. नवरा भूलतज्ज्ञ, त्यामुळे गेली 22 वर्षं हा बिल्ला घालून मी अर्धा भारत बघितलाय. सकाळी यांना हॉलच्या दारात सोडायचं, आपण बसमध्ये बसायचं, दुपारी कुठल्यातरी एम्पोरियममध्ये दीड तास "नुसतं बघून घ्या मॅडम", आणि संध्याकाळी अर्ध्या तासात साडी बदलून बँक्वेटला हजर. परवा कपाट आवरताना डेलिगेट किटच्या 14 बॅगा निघाल्या (एकीचीही चेन धड नाही) म्हणून हा धागा.

माझ्यापासून सुरुवात. म्हैसूर, रविवार, शेवटचा दिवस. सातला राजवाड्याचे दिवे लागतात, जवळपास लाखभर, आणि नेमकं सातलाच सेक्रेटरींचं आभारप्रदर्शन. आम्ही सहाजणी मागच्या रांगेतून एकेक करत सटकलो, दोन रिक्षा केल्या. पटांगणात पोचलो तेव्हा अंधार होता, राजवाडा नुसता काळा ढिगारा दिसत होता, आणि मग एका क्षणात सगळं पेटलं, अख्ख्या गर्दीच्या तोंडून एकदम 'हाऽऽ' निघालं. परत आलो तरी आभार चालूच होते.

लिहा तुम्हीपण. सोबत गेलेले, पेपर वाचायला गेलेले, आयोजन करून कंबर मोडलेले, सगळे चालतील. नियम एकच, पेपर कसा झाला ते सांगायचं नाही.

बावन्न दरवाजे
मी बसच्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे यादी आणि शिट्टी घेऊन उभा असणारा. औरंगाबादला (तेव्हा नाव तेच होतं) आमच्या संघटनेची राज्य परिषद, शुक्र-शनि-रवि, आणि सोमवारी पाहुण्यांची सहल. टूर कमिटी म्हणजे मी आणि अजून एकजण जो फोन उचलायचा नाही. पत्रिकेत ठळक अक्षरांत छापलं, सोमवार : अजिंठा. आता आमच्याकडे शेंबड्या पोरालापण माहितीय की सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद. मी जन्मापासून तिथला, प्रूफ मीच तपासलं, आणि शनिवारी रात्री जेवणाच्या रांगेत सांगलीचे एक काका अगदी सहज म्हणतात, अहो पण सोमवारी बंद असतं ना ते? माझ्या ताटातला गुलाबजाम तिथेच राहिला.

रात्री बारापर्यंत फोन. 44 माणसं, फर्दापूरला सांगून ठेवलेलं जेवण रद्द (ते अजिंठ्याजवळ, शंभर किलोमीटर उत्तरेला आणि वेरूळ तीस किलोमीटर वायव्येला, डबे फिरवून आणायचीपण सोय नाही), गाइड बदलला, आणि रविवारी सकाळी मी माईकवर जाहीर केलं की "पाहुण्यांच्या आग्रहावरून" सहल वेरूळला नेत आहोत. सांगलीचे काका पहिल्या रांगेत बसून हसत होते पण बोलले नाहीत, देव भलं करो त्यांचं.

सहल मात्र झकास झाली. मी पाहुण्यांना कैलास लेण्यात दारातून नेत नाही, आधी बाजूच्या टेकाडावर चढवतो आणि वरून दाखवतो, म्हणजे कळतं की हे बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलंय, कळस आधी आणि पाया शेवटी. राष्ट्रकूटांचं काम, आठव्या शतकातलं. कुरकुरत चढलेले लोक वर गेल्यावर गप्प होतात. निघताना मोजली तर डोकी 43. एक मावशी गायब. अर्धा तास शोधल्यावर घृष्णेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत सापडल्या. मी चिडलो तर मलाच म्हणाल्या, ज्योतिर्लिंग इतक्या जवळ असताना तुम्ही कार्यक्रमात धरलंच नाही, चूक कुणाची? बरोबरच होतं.

अर्धा कप
बावन्न दरवाजे, तुम्ही एकटे नाही. आग्र्याला परिषद, गुरु ते शनि, पाहुण्यांची ताजमहाल टूर शुक्रवारी. शुक्रवारी ताज बंद!! शेवटी यमुनेच्या पलीकडून मेहताब बागेतून दाखवला. खरं सांगू का, तिथून गर्दीशिवाय अख्खा दिसतो, पण सासूबाई अजून म्हणतात की मला ताज पाठमोरा दाखवला.

पैठणीवाला दादला
बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, मी बँकेत. नाशिकच्या परिषदेत सोबतच्यांसाठी जो कार्यक्रम होता त्याचं नावच 'लेडीज प्रोग्राम'. पहिल्या दिवशी मेंदी, रांगोळी आणि साडी नेसायच्या पाच पद्धती. दुसऱ्या दिवशी येवला. म्हटलं हॉटेलात बसून टीव्ही बघण्यापेक्षा जाऊ. बसमध्ये 31 बायका आणि मी आणि ड्रायव्हर. पहिले दहा मिनिटं सगळ्या जरा सावरून बसल्या, मग भेंड्या सुरू झाल्या आणि मला 'ण' आला की सगळ्या मिळून मदत करायला लागल्या.

येवल्याला विणकरांच्या घरात गेलो. बाकीच्या सगळ्या रंग आणि भाव बघत होत्या, मी मागाजवळ बसलो. पदरावरचा मोर त्या माणसाने छोट्या छोट्या कांड्यांनी, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, असा एकेक धागा अडकवत चालवलेला. दिवसभरात बोटभर काम पुढे सरकतं म्हणाला. मग पदर उलटा करून दाखवला, मागूनही मोर तसाच, लोंबते धागे नाहीत. हातमागाची ओळखायची खूण हीच असं म्हणाला. पंचवीस वर्षं कर्जाच्या फायली बघितल्या, त्यात मागासाठी दिलेली कर्जंपण होती, पण माग चालताना कधी बघितला नव्हता.

परत निघताना आयोजकांकडून प्रत्येकीला भेट. मलाही मिळाली. चांदीच्या मुलाम्याची हळदीकुंकवाची कोयरी आणि गजरा. गजरा ड्रायव्हरने त्याच्या गणपतीला घातला. पुढच्या वर्षी पत्रिकेत 'स्पाउस प्रोग्राम' असं छापलं होतं, आत मेंदी तशीच.

चाफा
@पैठणीवाला दादला, हसून हसून पुरेवाट. पैठणी घेतली का नाही ते नाही सांगितलंत!

पैठणीवाला दादला
घेतली. रंग चुकला.

दगडफोडी
मी भूगर्भशास्त्रात पीएचडी करत होते तेव्हाची गोष्ट. एडिंबराला कॉन्फरन्स होती आणि आई पहिल्यांदाच माझ्याकडे आलेली, तिला एकटीला खोलीवर कुठे ठेवणार म्हणून पाहुणी म्हणून नाव घातलं. आमच्या लोकांच्या सहली म्हणजे दगडच बघायचे, किल्ला-बिल्ला नंतर. पहिल्या दिवशी सॅलिसबरी क्रॅग्ज, शहराच्या मधोमध उभा काळा कडा. तिथे जेम्स हटनने अठराव्या शतकात दाखवून दिलं होतं की हा काळा दगड एकेकाळी वितळलेला रस होता आणि आधीच्या थरांमध्ये घुसला, कारण खालचे थर उचकटून वर वाकलेले स्पष्ट दिसतात. प्रोफेसर हे सगळं रंगवून सांगत होते, वारा असा की टोपी हातात धरावी लागत होती, आणि आई (माहेर वाई) दगडावर हात फिरवून मला म्हणते, "अगं हा तर आपल्या पांडवगडाचा कातळ." मी म्हटलं नाही गं, आपला बेसाल्ट, जमिनीवर वाहत आलेला, हा डोलेराइट, जमिनीखालीच थंड झालेला. ती म्हणाली, म्हणजे चुलतभाऊ. मी हे प्रोफेसरांना इंग्रजीत सांगितलं तर त्यांनी ते पुढच्या तीन ग्रुपना ऐकवलं.

आणि रात्री केली. म्हणजे स्कॉटिश नाच, लिहितात भलतंच आणि म्हणतात केली. स्टेजवर एकजण माईकवरून सांगत जातो आता उजवा हात, आता गिरकी, आता जोडी बदला. सकाळी भांडणारे दोन मोठे शास्त्रज्ञ एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून गरागरा फिरताना बघितलेत मी. 'स्ट्रिप द विलो' नावाचा एक प्रकार आहे, त्यात लांब दोन रांगा आणि मधून एक जोडी प्रत्येकाला गिरकी देत खालपर्यंत जाते. आई कडेला स्वेटर घालून बसलेली, दोन नाच बघितले आणि उठली. "फुगडीच आहे ही, फक्त उभ्या रांगेत." नऊवारी नाही, पाचवारीच होती, पदर खोचला आणि घुसली. 58 वर्षांची बाई. नॉर्वेचा एक सहा फुटी पोरगा तिच्या गिरकीने भेलकांडून खुर्चीवर पडला. जेवायला हॅगिस होतं, आमच्यासाठी डाळी आणि ओट्सचं शाकाहारी हॅगिस, आई म्हणाली मीठ कमी आहे पण वाईट नाही.

माझ्या फील्डमधले लोक अजून मला विचारतात, हाऊ इज युवर मदर. माझ्या पेपरबद्दल कोणी विचारत नाही.

गणितात कच्चा
2010 ला हैदराबादला गणितज्ञांची जागतिक काँग्रेस झाली होती, भारतात पहिल्यांदाच. मी तिथे स्वयंसेवक, एमएस्सीचा विद्यार्थी, टी-शर्ट आणि जेवणाची कूपनं एवढाच पगार. उद्घाटनाला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील, फील्ड्स पदकं (गणितातला सगळ्यात मोठा मान) त्यांच्याच हस्ते दिली गेली. आम्ही जळगावचे चारजण मागे उभे राहून उगीचच छाती फुगवून घेत होतो.

पण सगळ्यात भारी कार्यक्रम म्हणजे विश्वनाथन आनंद. एकाच वेळी 40 जणांशी बुद्धिबळ. गोल मांडलेली टेबलं, आतून तो चालत जातो, एक नजर, एक चाल, पुढे. समोर जगातले एकेक डोकेबाज आणि डोकं धरून बसलेले. एका 14 वर्षांच्या पोराने बरोबरी साधली, बाकीचे सगळे हरले. एका म्हाताऱ्या युरोपियन प्रोफेसरांचा चेहरा मी विसरणार नाही, हरल्यावर इतके खूश की आम्हाला धरून धरून पट दाखवत होते की बघ इथे चुकलो.

पाहुण्यांची गोवळकोंडा बस माझ्याकडे होती. फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली की वर बाला हिसारला ऐकू येते, तर अर्धे वर आणि अर्धे खाली असे उभे केले. एका आजींनी टाळी ऐकू येईपर्यंत सेकंद मोजून अंतर काढायला घेतलं. त्या पाहुण्या होत्या, गणितज्ञ त्यांचा नवरा होता, आणि तो बसमध्ये झोपलेला.

खोडद रिटर्न
आमचं फारच घरगुती. पुण्यात खगोलवाल्यांची परिषद, नवऱ्यामुळे मी पण. सहल कुठे तर जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बीण, नारायणगावजवळ खोडदला. म्हटलं शनिवारवाडा सोडून लोखंडी डबे काय बघायचे. तर एकेक डिश 45 मीटरची, अशा 30, आणि भरीव पत्रा नाहीच, बारीक तारेची जाळी ताणून बसवलेली, वारा आरपार जातो. आत शिरायच्या आधी सगळ्यांना मोबाइल बंद करायला लावले, नाहीतर आकाशातलं ऐकण्याऐवजी आमचंच ऐकू येईल म्हणे. दोन तास 30-35 माणसं फोनशिवाय! शेवटी सगळे एकमेकांशी बोलायला लागले ओ. चहाच्या टपरीवर एका जपानी बाईंना नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात हे समजावताना माझं इंग्रजी संपलं आणि मी दोन पावलं करून दाखवली. फोटो नाहीत, मोबाइल बंद होते, देवाची कृपा.

फोंडेकार
गोव्याचो, म्हणून सगळ्या परिषदा आमच्याच गळ्यात. ठरलेला कार्यक्रम, सकाळी जुनं गोवं, दुपारी दोनापावला, संध्याकाळी मांडवीत बोट, बोटीवर नाच. महाराष्ट्रातले पाहुणे असले की बस सुटल्यावर पाच मिनिटांत मागून आवाज येतोच, मंगेशीला जाणार ना? कुणाचं कुलदैवत मंगेशी, कुणाची शांतादुर्गा, कुणाची म्हाळसा, आणि कुलाचार राहिलेला असतो. पोर्तुगीजांच्या भीतीने 1560 मध्ये मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला नेला, तेव्हापासून आम्ही फोंड्याचे लोक पाहुण्यांचे देव सांभाळतोय, पाहुणेही आलेच सोबत. आता मी आयोजकांना न विचारताच एक टेम्पो ट्रॅव्हलर वेगळी ठेवतो.

2024 च्या डिसेंबरात एक परिषद होती आणि त्याच वेळी सेंट झेवियरचं शवदर्शन, दहा वर्षांनी एकदा येणारं. दिल्लीच्या आयोजकांनी जुन्या गोव्याला 45 मिनिटं धरली होती. मी फोनवर फक्त हसलो.

जुना डेलिगेट
चाफाताई, तुमच्या बॅगांचा काळ मीही बघितलाय. नव्वदच्या दशकात औषध कंपन्या तिकीटं, हॉटेलं, बायकापोरांसकट सगळं करायच्या आणि आम्हीही निर्लज्जपणे जायचो, खोटं कशाला बोलू. डिसेंबर 2009 ला मेडिकल कौन्सिलने बंदी घातली, मग 2024 मध्ये कंपन्यांसाठीही नवीन नियमावली आली. आता बायकोचं रजिस्ट्रेशन स्वतःच्या खिशातून भरतो. पहिल्याच वर्षी तिने पावती बघून विचारलं, एवढे पैसे देऊन मी एम्पोरियममध्ये बसणार? तेव्हापासून पत्रिकेतली सहल ती घेत नाही, गावातली एसटी पकडते. कोल्हापूरला माझं सेशन चालू असताना ही एकटी पन्हाळ्याला जाऊन, तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आली, आणि बँक्वेटला भूक नाही म्हणाली. मी तिथे थंड पनीर खाल्लं.

नवीन बिल्ला
सगळं वाचून काढलं एका बैठकीत. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच जातेय, नवऱ्याची एडिंबराला कॉन्फरन्स, पत्रिकेत ते केली का काय ते पण आहे. काय घालू?

दगडफोडी
आईला फोन करून विचारलं. म्हणाली सपाट बूट, आणि नॉर्वेवाल्यांना आधी सांगून ठेव.