मदत हवी आहे: स्वतः जुळवत असलेल्या ३६ मिमी घड्याळासाठी जुन्या धाटणीची तबकडी कोणती घ्यावी?

नमस्कार.

आमच्या घरी वडिलांचे एक जुने स्विस मनगटी घड्याळ आहे. काही वर्षांपूर्वी ते दुरुस्तीला दिले असता कारागिराने आम्हाला न विचारताच त्याची तबकडी नव्याने रंगवून दिली. मूळची फिकट चंदेरी तबकडी गडद निळी होऊन परत आली, मिनिटांच्या रेघा काट्यांशी जुळेनाशा झाल्या आणि अक्षरे जाड व पुसट झाली. परदेशातले संग्राहक अशा रंगवलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत, हे मला पुष्कळ नंतर कळले. ते घड्याळ मी आता आहे तसेच ठेवले आहे. मात्र त्या चंदेरी तबकडीत जो संयम होता, तो असलेले एक नवे घड्याळ स्वतः जुळवावे, अशी इच्छा आहे.

आतापर्यंत जमवलेले साहित्य असे आहे. ३६ मिमी व्यासाची स्टीलची केस, चावी तीनच्या जागी, वर फुगीर काच. आणि सेइको गटाचे एनएच३५ हे स्वयंचलित मशीन, म्हणजे २४ ज्वेल (चाकांचे घर्षण कमी करणारे खडे), ताशी २१,६०० ठोके आणि तारखेची सोय. तबकडी आणि काटे घ्यायचे राहिले आहेत. तबकडीसाठी तीन हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. तिच्यावर कोणत्याही जुन्या कंपनीचे नाव नसावे, एवढी माझी एकच पक्की अट आहे.

तीन तबकड्यांवर मन अडकले आहे. पहिली चंदेरी, दोन छटांची सेक्टर तबकडी: मधले वर्तुळ, त्यातून बाहेर गेलेल्या तासांच्या रेघा, सर्व काही छापील, तारीख नाही आणि अंधारात चमकणारा लेपही नाही. दुसरी काळी, सोनेरी छपाईची. तीन, सहा आणि नऊ हे अंक मोठे, आणि त्यांवरचा चमकणारा लेप मुद्दाम पिवळसर तपकिरी केलेला, जणू पन्नास वर्षे जुना. तिसरी कापडासारख्या पोताची मोतिया रंगाची, तासांच्या जागी उठावदार धातूच्या पट्ट्या आणि तीनच्या जागी तारखेची खिडकी. तिन्हींचा व्यास २८.५ मिमी आहे आणि तिन्ही या मशीनला बसतात, असे विक्रेते सांगतात.

माझा कल पहिलीकडे आहे. पण तारखेचे मशीन असताना बिनतारखेची तबकडी लावणे कितपत योग्य, २८.५ मिमीची तबकडी इतक्या लहान केसमध्ये कशी दिसेल आणि दुसऱ्या तबकडीवरचा तो कृत्रिम म्हातारपणा जाणकारांना खटकतो का, या तीन गोष्टींवर मला अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

प्रतिसाद: चिमटा_आणि_भिंग

पसंतीआधी मोजमाप घ्या. २८.५ हा तबकडीचा पूर्ण व्यास झाला. डोळ्यांना दिसतो तो केसच्या आतल्या कड्याच्या तोंडाएवढाच भाग. समजा, तुमच्या केसचे तोंड २७ मिमी आहे. मग केंद्रापासून १३.५ मिमीपलीकडचे सारे कड्याखाली जाईल. तबकडीवरच्या मिनिटांच्या रेघा केंद्रापासून १३.२ ते १३.८ मिमीच्या पट्ट्यात छापलेल्या असतील, तर त्या अर्ध्या कापल्यासारख्या दिसतील, आणि सेक्टर तबकडीचा सगळा डौल त्या बाहेरच्या वर्तुळावरच असतो. विक्रेत्याला पूर्ण व्यास विचारू नका, मिनिटांच्या रेघांच्या बाहेरच्या टोकाचा व्यास विचारा. बहुतेक विक्रेते तो आपणहून सांगत नाहीत.

काट्यांचेही असेच आहे. एनएच३५ ला तासकाट्याचे भोक १.५० मिमी, मिनिटकाट्याचे ०.९० आणि सेकंदकाट्याचे ०.२० लागते. ईटीए २८२४ या स्विस मशीनसाठीचे तास आणि मिनिट काटे याच मापाचे असल्याने अनेकांचा समज होतो की संचच्या संच चालेल. पण त्याचा सेकंदकाटा ०.२५ चा असतो, तो या मशीनवर सैल बसतो आणि एक दिवस काचेखाली गळून पडतो. भोकाखालोखाल लांबी महत्त्वाची. मिनिटकाट्याचे टोक रेघांच्या आतल्या काठाला टेकले पाहिजे. जुन्या धाटणीच्या घड्याळात आखूड मिनिटकाट्याइतकी विद्रूप गोष्ट नाही; भारी तबकडीसुद्धा त्याने उसनी वाटू लागते.

तबकडीच्या मागचे पाय, म्हणजे मशीनच्या भोकांत बसणाऱ्या बारीक खुंट्या, मात्र जपून पाहा. या मशीनसाठीच्या बऱ्याच तबकड्यांना चार पाय असतात, दोन चावी तीनच्या जागी असलेल्या केससाठी आणि दोन चावी चारच्या जवळ असलेल्या डायव्हर घड्याळांसाठी. तुमची चावी तीनच्या जागी आहे, तेव्हा दुसरी जोडी बारीक कटरने छाटून कानशीने घासून सपाट करावी लागेल. छाटण्यापूर्वी तबकडी मशीनवर कोरडी ठेवून कोणती जोडी भोकांवर येते ते दोनदा पाहा. चुकीची जोडी छाटली गेली तर दुहेरी चिकट ठिपक्यांवर तबकडी चिकटवण्याची वेळ येते. ती चालते, पण पुढे मशीन उघडणाऱ्याच्या शिव्या खाव्या लागतात.

प्रतिसाद: जुनी_चावी

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर माझे मत थोडे कडक आहे. जुन्या तबकड्यांवरचा लेप तपकिरी झाला, त्यामागे कारण होते. त्या लेपात रेडियम आणि झिंक सल्फाइड असे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे असल्याने ते आजही किरणे सोडते, पण त्या माऱ्याने झिंक सल्फाइडच निकामी होते, म्हणून लेप विझतो आणि करपल्यासारखा दिसतो. १९६० च्या दशकात रेडियम मागे पडून ट्रिटियम आले. त्याचे अर्धायुष्य जेमतेम १२.३ वर्षे. आपण मराठीत आजही सरसकट ‘रेडियमचे काटे’ म्हणतो, पण नव्या तबकड्यांवर स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवर आधारलेला, किरणोत्सर्गी नसलेला लेप असतो. त्यात रंग मिसळून जे म्हातारपण आणतात, ते सगळ्या अंकांवर एकसारखे असते. खरे जुने घड्याळ इतक्या शिस्तीने म्हातारे होत नाही.

त्यात एक व्यावहारिक अडचणही आहे. काटे दुसऱ्या विक्रेत्याकडून घेतले की त्यांच्यावरचा पिवळा आणि तबकडीवरचा पिवळा सहसा जुळत नाही. वडिलांच्या घड्याळात जी विसंगती तुम्हाला बोचली, तीच तुम्ही पैसे देऊन विकत घ्याल.

सोनेरी छपाईबद्दलही सांगतो. जुन्या ‘गिल्ट’ तबकडीवर सोनेरी अक्षरे वरून छापलेली नसत. काळ्या थराखालचा धातूचा सोनेरी पृष्ठभाग अक्षरांच्या आकारात उघडा राहत असे आणि त्यावर पारदर्शक लॅकर चढत असे. म्हणून ती अक्षरे किंचित खोल दिसतात आणि प्रकाश फिरला की उजळतात. आजच्या स्वस्त तबकडीवर सोनेरी शाई असते. छायाचित्रात फरक कळत नाही, हातात घेतल्यावर लगेच कळतो.

सेक्टर तबकडी ही १९३० च्या दशकातली चाल. तिच्या अनेक मूळ नमुन्यांवर चमकणारा लेप नव्हताच, त्यामुळे तुमची पहिली तबकडी कसलेही सोंग न करता जुनी दिसते. मोतिया तबकडीही वाईट नाही, पण तिची तारखेची खिडकी ३६ मिमीच्या घड्याळात नजर एका बाजूला ओढते.

मूळ लेखक:

दोघांचेही मनापासून आभार. काल सरकमापीने केसचे तोंड मोजले, ते २७.२ मिमी भरले. सेक्टर तबकडीच्या विक्रेत्याने तीनदा विचारल्यावर रेघांचा बाहेरचा व्यास २६.६ सांगितला. म्हणजे प्रत्येक बाजूला ०.३ मिमी मोकळे राहते. काळी तबकडी मी मनातून काढून टाकली आहे.

आता प्रश्न तारखेचा उरला. तारीख झाकली गेली तरी चावी ओढताना तारीख बदलण्याची मधली टिचकी लागणारच, हे मला रोज टोचेल.

प्रतिसाद: चिमटा_आणि_भिंग

टोचणार असेल तर मशीनच बदला. एनएच३८ हे त्याच घराण्यातले बिनतारखेचे मशीन आहे. मुळात ते तबकडीला भोक ठेवून बॅलन्सचे चाक (घड्याळाचे ठोके देणारे, मागेपुढे फिरणारे चाक) दाखवण्यासाठी काढले गेले, पण बंद तबकडीखालीही ते उत्तम चालते. चावीची मधली जागा त्यात नाही आणि काट्यांची मापे तीच आहेत. तुमचे एनएच३५ तारखेच्या पुढच्या एखाद्या घड्याळासाठी ठेवा. हा नाद एका घड्याळावर थांबत नाही, हे घरी आताच सांगून ठेवलेले बरे.

जाडीचे तेवढे लक्षात घ्या. ही मशीने पाच मिलिमीटरहून अधिक जाड आहेत, आणि त्या काळची चावीची घड्याळे याहून पुष्कळ सडपातळ असत. लहान केसमध्ये मशीन जाड झाले की घड्याळ मनगटावर डबीसारखे उभे राहते. तुमची काच फुगीर आहे, त्यामुळे काही उंची काचेच्या खात्यात जाईल. काटे पानाच्या आकाराचे, निळे घ्या. ते आचेवर निळे केलेले पोलादी असतील तर उजेडात निळे आणि सावलीत जवळजवळ काळे दिसतात. रंग दिलेले असतील तर सगळीकडे सारखेच निळे दिसतात. चंदेरी तबकडीवर हा फरक लपत नाही, म्हणून वाचवायचे असतील तर पैसे पट्ट्यात वाचवा.

मूळ लेखक:

एनएच३८ आणि आचेवर निळे केलेले काटे, दोन्ही मागवले आहेत. तबकडी पुढच्या आठवड्यात हाती येईल. पाय छाटण्याआधी मागच्या बाजूचे छायाचित्र येथे देईन. कृपया कोणती जोडी ठेवायची ते एकदा पाहून सांगावे.