धंदा बंद करून आठ महिने झाले. चुकांची यादी दर वेळी वेगळीच येतेय

खोकीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

छापील खोकी बनवायचा माझा धंदा होता. औषधांच्या, तेलाच्या, क्रीमच्या बाटल्या ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात, ती. नऊ वर्षं चालला. आठ महिन्यांपूर्वी शटर ओढलं, मशीन विकून बँकेचं बरंचसं फेडलं, उरलेलं आता नोकरी करून फेडतोय. पुन्हा काहीतरी लहानसं सुरू करायचं डोक्यात आहे. म्हटलं, त्याआधी चुका लिहून काढू. तिथेच गाडी अडलीय.

पहिल्यांदा लिहायला बसलो तेव्हा यादीत सगळे दुसरेच होते. मोठं गिऱ्हाईक, ज्यानं पैसे अडकवले. भागीदार, जो ऐन वेळी निघून गेला. कागदाचे वाढलेले भाव. दोन महिन्यांनी लिहिलं तर पानभर मीच मी. भागीदारीचा करार केला नाही (कॉलेजपासूनची मैत्री, कागद कशाला), घरखर्च आणि धंदा एकाच खात्यातून चालवला, सलग पाच महिने घरी पगार आणला नाही आणि बायकोला सांगितलं की गिऱ्हाइकाचा चेक यायचाय. परवा तिसऱ्यांदा लिहिलं तर निम्म्या गोष्टी नशिबाच्या खात्यात गेल्या. माणूस तोच, धंदा तोच, आणि याद्या तीन.

एक प्रसंग मात्र तिन्ही याद्यांत आहे. एका तेलाच्या बाटलीसाठी १२,००० खोकी करायची होती. गिऱ्हाइकानं ड्रॉइंग पाठवलं, मी त्यावरून डाय (पुठ्ठा कापायचा साचा) बनवून घेतली. प्रत्यक्ष बाटली मागवली नाही. आमचा मशीनवाला म्हणाला होता, "साहेब, बाटली कुठाय?" मी त्याला म्हटलं, ड्रॉइंग आहे ना, तू पंचिंग बघ. माल तयार झाला. गिऱ्हाइकानं मधल्या काळात बूच बदललं होतं, नवं बूच ३ मिलिमीटरनं जास्त उंच. रात्री अकरा वाजता मी आणि भागीदार जमिनीवर बसून एकेक खोकं तपासतोय. झाकण अंगठ्यानं दाबलं की बसायचं, अंगठा काढला की हळूच वर यायचं. कितीतरी वेळ आम्ही ते दाबत बसलो होतो. जणू शंभराव्या खेपेला त्याला दया येणार होती.

ती चूक धंद्याची म्हणायची की माझी? नमुना न मागवणं ही धंद्याची चूक. पण मशीनवाल्यानं सगळ्यांसमोर विचारलं म्हणून मला राग आला, आणि राग आला म्हणून मी बाटली मागवली नाही, हे खरं आहे. यादीत हे कुठल्या रकान्यात टाकू?

तुम्ही आपल्या चुकांमधून नक्की काय घेतलंत, आणि ते टिकलं कसं? "अपयश ही यशाची पहिली पायरी" वगैरे कृपया नको, ते घरचे सांगतात.

सुईदोरा

धाग्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसातही न टाकता पळत पळत सांगितलंय: पाच महिने पगार नाही. त्या पाच महिन्यांच्या आधी विक्री वाढत होती का हो तुमची? पैज लावते, वाढत होती.

माझा गणवेश शिवायचा कारखाना होता. आहे अजून, पण मधली दोन वर्षं "होता"च होता. सगळ्यात चांगल्या वर्षी मी बुडायला आले. हिशेब असा: कापडवाल्याला १५ दिवसांत पैसे. कापड ते तयार माल, २० दिवस. माल दिल्यावर पैसे ७५ दिवसांनी. २० आणि ७५ म्हणजे ९५, त्यातून कापडवाल्याचे १५ वजा करा. ८० दिवस माझा पैसा लोकांच्या अंगावर. विक्री दुप्पट झाली की ८० दिवसांत अडकलेली रक्कमही दुप्पट, आणि तो वाढीव पैसा नफ्यातून इतक्या लवकर निघत नाही. नफा वहीत दिसतो, पगार बँकेतून द्यावा लागतो. मी नफ्याकडे बघून दोन मशिनं घेतली आणि ऑगस्टमध्ये शिंप्यांना सांगितलं की सोमवारी देते. तो सोमवार सहा आठवड्यांनी उजाडला.

आता तुमच्या प्रश्नाचं. ७५ दिवस कुठून आले? करारात ३० होते. गिऱ्हाइकाला ३१ व्या दिवशी फोन करायची मला लाज वाटायची. मोठे लोक, आपण मागायला गेलो तर काम जाईल. म्हणजे रोकड अडकली हे धंद्याचं, आणि फोन उचलवेना हे माझं. मी आता फोन स्वतः करतच नाही. एक मुलगी ठेवलीय, ती ३१ व्या दिवशी सकाळी दहाला फोन करते आणि तिला मुळीच लाज वाटत नाही. माझा स्वभाव सुधारला नाही. मी फक्त त्याला त्या टेबलावरून उठवलं.

नाकासमोर

सगळंच स्वतःच्या माथी मारून घ्यायची एक फॅशन झालीय. कागदाचे भाव यांनी वाढवले का? नाही ना. मग ते यादीतून काढा. एकच गिऱ्हाईक विक्रीच्या किती टक्के होतं तेवढं सांगा.

खोकीवाला

@सुईदोरा, वाढत होती. पैज जिंकलात.
@नाकासमोर, ७० टक्के.

नाकासमोर

मग कागदाचे भाव परत यादीत घाला. ७० टक्के एकाच्या हातात असल्यावर तुम्ही भाव वाढवून मागूच शकत नव्हता. कागद महागला हे नशीब, ते तुमच्यावरच पडलं ही चूक. माझा नियम आहे, कुठलंही गिऱ्हाईक चौथाईच्या वर गेलं की त्याचं पुढचं काम घेण्याआधी दुसरं शोधायला बाहेर पडायचं. नियम मोडलाय का? दोनदा. दोन्ही वेळा रडलोय.

वहीतलं_पान

याद्या बदलतात याचं मला नवल वाटलं नाही. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जायच्या आधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या दोन संशोधकांनी लोकांना विचारलं होतं की अमुक घडेल याची शक्यता किती, तमुक घडेल याची किती. उदाहरणार्थ, निक्सन आणि माओ यांची भेट होईल का. दौरे झाल्यावर त्याच लोकांना सांगितलं, तुम्ही तेव्हा काय आकडे दिले होते ते आठवून लिहा. जे घडलं होतं त्याला आपण आधीच भरपूर शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवलं. खोटं कोणी बोलत नव्हतं. १९७५ साली हा अभ्यास छापून आला.

म्हणजे आज बसून लिहिलेली यादी ही तेव्हाच्या तुमची नाहीच, ती आजच्या तुमची आहे. दुसऱ्यांच्या गोष्टींचंही तेच होतं. ऑस्बोर्न ही सोबत नेता येणारे संगणक बनवणारी कंपनी १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली. कारण एका ओळीत सांगितलं जातं: नवं मॉडेल वेळेआधी जाहीर केलं, लोकांनी जुनं घेणं थांबवलं. ही गोष्ट इतकी चालली की असं करण्यालाच त्या कंपनीचं नाव पडलं. पुढे मात्र तिथलेच लोक सांगायला लागले की कारणं आणखीही होती. पण चार कारणांची गोष्ट कोण लक्षात ठेवतो?

मी एक निर्णयवही ठेवतो. मोठा निर्णय घेतला की त्याच दिवशी पाच ओळी: तारीख, काय ठरवलं, का, काय बिघडू शकतं, आणि कोण नको म्हणालं. शेवटची ओळ लिहायला सगळ्यात जड जाते. सहा महिन्यांनी वाचतो. अनेकदा असं दिसतं की निर्णय ठीक होता, निकाल वाईट लागला. आणि उलटही, ते जास्त झोंबतं.

नऊ वर्षांची वही आता तुम्हाला मिळणार नाही. पण तेव्हा हजर असलेली माणसं आहेत ना? त्यांना विचारा, तुमची आठवण त्यांना आधी न सांगता.

हमीपत्र

थोडं अवांतर, पण नव्यानं सुरू करताय म्हणून. कंपनी काढली होतीत असं धरलं, तरी बँकेचं अजून फेडताय, म्हणजे वैयक्तिक हमी (कंपनीनं फेडलं नाही तर मी फेडेन, अशी) दिली असणार.

लंडनला सॉलोमन नावाचा बूट बनवणारा व्यापारी होता. त्यानं आपला धंदा कंपनी करून तिला विकला, भागधारक तो आणि घरचीच माणसं. कंपनी बुडाली, तेव्हा प्रश्न आला की देणी त्यानं स्वतः भरायची का. १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तिथलं तेव्हाचं सर्वात वरचं न्यायालय) निकाल दिला, कंपनी वेगळी आणि माणूस वेगळा. मर्यादित जबाबदारीची ती भिंत अजून उभी आहे. आपण काय करतो? कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक पान असतं, त्यावर सही करून त्या भिंतीला आपल्याच हातानं दार पाडतो. मी तसं पान न वाचता सही केलं होतं, वर वडिलांचीही सही घेतली. ते पेन शोधत होते तेव्हा मी घड्याळ बघत होतो, बँक चारला बंद होणार म्हणून.

हमी टाळता येईलच असं नाही. पण ती रकमेपुरती मर्यादित करून मागता येते, कर्ज अर्धं फिटल्यावर कमी करून मागता येते. भागीदार निघून गेला तर त्याची हमी सुटते का, तेही आधी विचारता येतं. मी यातलं काहीच विचारलं नाही.

खोकीवाला

सगळ्यांचे आभार. @सुईदोरा, तुमचा ८० दिवसांचा हिशेब माझ्या आकड्यांनी मांडून पाहिला. १०४ आले. वही बंद करून जरा फिरून आलो.

@वहीतलं_पान, तुमचं ऐकून काल मशीनवाल्याला फोन केला. आता दुसरीकडे लागलाय, बरा आहे. तुम्ही म्हणालात तसं माझं काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, त्या १२,००० खोक्यांच्या वेळचं तुला काय आठवतं?

तो म्हणाला, पुठ्ठा जाड आला होता, घडी नीट पडणार नाही असं मी तुम्हाला म्हणालो होतो, आणि तुम्ही क्रीजिंग, म्हणजे घडीची रेघ, बदलायला लगेच परवानगी दिलीत. मी म्हटलं, आणि बाटलीचं? तर म्हणतो, बाटलीचं मी कशाला विचारू, मला ड्रॉइंगचं काय कळतंय. ते तुमच्या भागीदारांनी विचारलं होतं. दोनदा. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही फाइल टेबलावर आपटलीत.

त्यालाही चुकीचं आठवत असेल, मान्य. पण फाइल आपटल्याचं त्यानं सांगितलं आणि तो आवाज मला ऐकू आला.

भागीदार "ऐन वेळी निघून गेला" असं मी वर लिहिलंय. तो त्या खोक्यांनंतर तीन महिन्यांनी गेला. मधल्या काळात आमचं काय बोलणं झालं, ते आठवायला बसलो तर एक वाक्य आठवत नाही.

त्याचा नंबर आहे माझ्याकडे. उद्या रविवार आहे, दुपारी लावतो.